काळी दोन

त्याला तोंडावर सगळे मास्तर म्हणत आणि पाठ वळली की टिकटिक मास्तर. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका टिकटिकीवर चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा त्याचा स्टुडिओ. भिंतींना करडा स्पंज, खिडकीला आतून जुनी गादी ठोकलेली, दार दुहेरी लाकडाचं. आत कुणी वाजवायला बसलं की मास्तर आधी त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा आणि त्यात लय धरणारी टिकटिक सोडायचा. मग तो वाजवणारा नावाजलेला असो नाहीतर कालचा नवशिका, टिकटिकीच्या केसभर पुढेमागे झाला की काचेपलीकडून मास्तरचा हात वर. "थांबा. परत."

हात वर करण्यात त्याने तीस वर्षं घालवली. लोक वैतागायचे, जिना उतरताना शिव्याही घालायचे, पण पुन्हा यायचे. एक तर काम चोख. आणि दुसरं म्हणजे पंख्याच्या जाहिरातीची ती धून त्याची होती. अकरा सुरांची एवढीशी धून, पण चौदा वर्षं टीव्हीवर आणि रेडिओवर वाजत होती. पोरं ती गुणगुणत, बसचे ड्रायव्हर शीळ घालत, लोकांच्या फोनमध्ये ती खणखणत असे. कुठे ओळख करून द्यायची झाली तर "हे ते पंख्यावाले" म्हटलं की पुरे. "छे हो, किरकोळ काम होतं ते," मास्तर म्हणायचा आणि मनातल्या मनात गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा.

आता दादाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दादा म्हणजे मास्तरचा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. शिलाई मशीन दुरुस्त करायचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं त्याचं दुकान. कुणीतरी भंगारात टाकलेला एक कीबोर्ड त्याने तरुणपणी उघडला, साफ केला आणि वाजता केला. दोघं भाऊ एकाच बाकावर बसून त्यावर शिकले. डावी बाजू दादाची, उजवी धाकट्याची. पुढे दोघं समारंभातून वाजवायलाही लागले. मग धाकट्याने स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि तालमीच्या पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, तो म्हणाला, "दादा, राग मानू नकोस, पण तुझा हात लयीत बसत नाही. तू मागे पडतोस. सगळ्यांचा खोळंबा होतो."

"बरं," दादा म्हणाला. त्याने कीबोर्डवर कापड घातलं, वायर गुंडाळली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडलं. भांडण नाही, अबोला नाही, काही नाही. दादाचं सगळ्याला उत्तर एकच, बरं. गिऱ्हाईक ओरडलं, बरं. जेवायला उशीर झाला, बरं. वहिनी म्हणायची, "यांच्या अंगावर भिंत पडली तरी बरं म्हणतील आणि विटा मोजायला बसतील."

वहिनीचा राग खरा होता तो दादाच्या पाकिटांवर. दुरुस्तीत काढलेला जुना भाग दादा कधी फेकायचा नाही. झिजलेलं चाक असो, तुटकी स्प्रिंग असो, गिऱ्हाईकाने नेला नाही तर तो छोट्या कागदी पाकिटात घालायचा आणि वर बारीक अक्षरात लिहायचा, कुणाचं यंत्र, काय बिघडलं, काय बदललं आणि तारीख. का, तर उद्या कुणी विचारलं तर दाखवता यायला हवं. इतक्या वर्षांत कुणीही विचारलं नव्हतं. पाकिटांचे डबे मात्र पलंगाखाली, कपाटावर, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी, जिकडे तिकडे.

गेल्या वर्षी दादा गेला. दुकानातच, मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या बसल्या. त्याला वर्ष होत आलं आणि एका मंगळवारी सकाळी वहिनी दोन मजले चढून स्टुडिओत आली. ती इथे कधी येत नसे. मास्तर काचेआडून बघून उठलाच.

"बसा वहिनी. पाणी देऊ?"

"देताय तर द्या." पाणी पिऊन तिने पदराने तोंड पुसलं. "भावोजी, मी रविवारी लेकीकडे चालले. कायमची. खोली सोडतेय."

"असं अचानक?"

"अचानक कसलं? वर्षभर ती मागे लागलीय. एकटीने भिंतींशी बोलायचा कंटाळा आला." पेला खाली ठेवत ती म्हणाली, "एक मागायला आलेय. यांचं वाजवलेलं काही आहे का तुमच्याकडे? फोटो ढीगभर आहेत हो, पण फोटो बघून बघून किती बघायचे? संध्याकाळी दुकान बंद करून आले की थोडा वेळ वाजवायचे. ते ऐकत मी भाजी निवडायची. ते कानाला पाहिजे झालंय."

मास्तरची नजर आपसूक मागच्या फळ्यांवर गेली. छतापर्यंत फळ्या, आणि प्रत्येकीवर ओळीने डिस्का. शाळेची प्रार्थना होती, दातांच्या डॉक्टरच्या हौशी बायकोची गाणी होती, एका माणसाने आपल्या पोपटाची शीळ रेकॉर्ड करून घेतली होती तीसुद्धा होती. तीस वर्षांत गावातला एकही गळा सोडला नव्हता त्याने. आणि सख्ख्या भावाचा एक सूर? खरंच सांगायचं तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"तो रविवार आठवतो का?" वहिनीच म्हणाली. "तुम्ही नवीन डबा आणला होतात वायरींचा. आपण तिघं वाजवत होतो."

हो की! मास्तरचा जीव भांड्यात पडला. "आहे वहिनी, ते आहे. दादाचं वेगळं काढून देतो तुम्हाला. रविवारच्या आत, घरी आणून देतो."

ती जिना उतरून गेली आणि मास्तरने जुनी डिस्क शोधून काढली.

तो रविवार पंधरा वर्षांपूर्वीचा. मास्तरने नुकताच तो डबा घेतला होता, ज्याला एकाच वेळी चार-पाच कीबोर्ड जोडता येतात आणि सगळे एकदम कम्प्युटरमध्ये रेकॉर्ड होतात. तोवर एका वेळी एकच वाद्य घ्यायचं, मग दुसरं, मग तिसरं, असा प्रकार होता. डबा तपासायचा तर वाजवणारे हात हवेत, आणि रविवारी सकाळी कोण सापडणार? म्हणून दादा आणि वहिनी. दादा त्याचा जुना, आखूड कीबोर्ड कापडात गुंडाळून घेऊन आला. "काय वाजवू?" त्याने विचारलं. "काहीही वाजव रे," मास्तर वायरी खोचत म्हणाला, "मला फक्त वायर तपासायचीय." वहिनीसमोर त्याने तालाचे रबरी पॅड ठेवले आणि दोन काड्या दिल्या. ती आधी लाजली आणि मग अशी सुटली की थांबेना.

मास्तरने तीन ट्रॅक उघडले. एकाला नाव दिलं मी, दुसऱ्याला दादा, तिसऱ्याला वहिनी. तिन्हींवर लाल बटण लावलं. आणि इथे त्याने ती चूक केली, जी पुढे तो शिकणाऱ्यांना हसत हसत सांगायचा. कुठल्या ट्रॅकने कुठल्या वाद्याचं ऐकायचं, हे प्रत्येक ट्रॅकवर निवडून द्यावं लागतं. नाही निवडलं तर तो सगळ्यांचं ऐकतो. मास्तरने निवडलं नव्हतं. नव्या खेळण्याची घाई, दुसरं काय! तिन्ही ट्रॅकवर ठिपके उमटताना दिसले तेवढ्यावर तो खूश. खरं तर तिन्हींवर तेच होतं. मीमध्ये तिघं, दादामध्ये तिघं, वहिनीमध्येही तिघं. डब्यांना चिठ्ठ्या तीन आणि आत भेसळ एकच.

बरं, आवाज असता तर कानाने काही ओळखता आलं असतं. पण या वायरींतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, केव्हा, किती जोराने आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद जाते. त्यावर पुढे कम्प्युटर हवा तो आवाज चढवतो. पट्टी कुणाच्या बोटाने दाबली हे त्या नोंदीत कुठेच नसतं.

तर मास्तर वेगळं करायला बसला. वहिनीचं काढणं सोपं होतं. पॅडचे ठोके खाली एका कोपऱ्यात ठरलेल्या जागी पडतात, ते त्याने उचलून बाजूला टाकले. उरले दोघं भाऊ. सात मिनिटांचं वाजवणं आणि पडद्यावर अडीच हजार ठिपके.

त्याने नियम ठरवला. जे लयीत ते माझं, जे मागे पडलेलं ते दादाचं. जे हलक्या बोटाचं ते माझं, जे जोरात ते दादाचं, कारण यंत्रं उघडणारा हात जडच असणार. एकेका ठिपक्याला चिमटीत धरून तो इकडे नाहीतर तिकडे ठेवत गेला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. बाहेरची कामं त्याने परतवली. पाठ धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी उठेना. दादासाठी काहीतरी करतोय याचं त्याला फार बरं वाटत होतं, इतकं की मध्येच त्याचे डोळे भरून यायचे.

चौथ्या मिनिटाला ती धून आली. पंख्याची धून. ती इथूनच उचलली होती त्याने. त्या रविवारनंतर चार महिन्यांनी पंख्याच्या कंपनीचा माणूस आला, त्याला काहीतरी थंडगार, झुळझुळीत हवं होतं, आणि मास्तरला काही सुचेना. म्हणून जुन्या फायली चाळताना त्याने मी नावाचा ट्रॅक उघडला. चौथ्या मिनिटाला अकरा सूर लागले आणि तो खुर्चीतच ताठ झाला. मी हे केव्हा वाजवलं? अशी एक शंका तेव्हा आली होती खरी. आली आणि गेली. ट्रॅकवर नाव होतं मी. त्याने सूर टिकटिकीवर सरळ बसवले आणि पाठवून दिले.

आता ती मूळ धून समोर होती. कच्ची, न सरळ केलेली. गंमत म्हणजे ती मागे पडत होती. दुसऱ्या सुराआधी किंचित थांबत होती, आणि आठवा सूर तर सरळ सरळ उशिरा. नियमाप्रमाणे दादाकडे जायला हवी. पण छे, मास्तरला हसू आलं. इथे आपण मुद्दाम थांबलो असणार, भावना म्हणून. दादा मागे पडला की ती चूक, आणि आपण मागे पडलो की भावना! असा हा न्याय. त्याने अकराही सूर उचलून मीमध्ये ठेवले.

शनिवारी दुपारी तो लॅपटॉप आणि दोन स्पीकर घेऊन वहिनीकडे गेला. खोली अर्धी रिकामी झाली होती. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा उजळ चौकोन, जमिनीवर सुतळीने बांधलेली खोकी, आणि मधोमध दोन स्टुलं तेवढी मोकळी.

"झालं?" वहिनी म्हणाली.

"झालं. ऐका."

त्याने लावलं. दादाचा भाग म्हणून त्याने जे वेगळं काढलं होतं ते वाजायला लागलं. खालच्या सुरांचे ठोके, धप, धप, मध्येच एखादा चुकार सूर, पुन्हा धप. वहिनी मान खाली घालून ऐकत होती. सात मिनिटं संपली.

"एवढंच?"

"दादा साथीला होता ना, वहिनी. साथ अशीच असते. एकटी ऐकली की ओकीबोकी वाटते."

"हं." तिने विषय वाढवला नाही. उठली आणि कोपऱ्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. "हे घ्या. पाकिटं सगळी काढून टाकली मी, दोन पोती निघाली. पण तुमच्या नावाची टाकवली नाहीत. तुमची तुम्ही न्या."

मास्तरने डबा उघडला. आत दादाचं ते मुंग्यांसारखं अक्षर. धाकटा, हेडफोन, वायर तुटली. धाकटा, टेबल लॅम्प, बटण. धाकटा, सायकलचा ब्रेक, हे तर शाळेतलं. "हा माणूस म्हणजे ना..." तो म्हणाला, आणि हसत हसत सर्वांत वरचं पाकीट त्याने उलटं करून हातावर रिकामं केलं. नखाएवढी काळी रबराची टोपी पडली. त्याने वरचं वाचलं. धाकटा. मोठा कीबोर्ड. मधली काळी दोन मुकी. रबर बदललं. खाली तारीख.

"हो, हो, आठवलं!" मास्तर म्हणाला. "एक काळी पट्टी लागतच नव्हती माझी. मधल्या सप्तकातली, जोडीने असतात त्या दोन काळ्यांतली दुसरी, काळी दोन. किती दिवस तसाच वाजवत होतो, तिला टाळून टाळून. दादाने दुकानात नेऊन..."

तो बोलायचा थांबला. लॅपटॉप उघडाच होता आणि फाइलच्या नावापुढे तिची तारीख दिसत होती. त्याने पाकीट पडद्याशेजारी धरलं. तोच महिना, तेच वर्ष. वाजवलं रविवारी. रबर बदललं त्यानंतरच्या गुरुवारी.

म्हणजे त्या रविवारी मास्तरच्या कीबोर्डची मधली काळी दोन मेलेली होती. ती पट्टी दाबली तरी वायरीतून काहीच गेलं नसतं. त्या दिवशी कम्प्युटरमध्ये जितक्या काळी दोन उमटल्या, त्या सगळ्या दुसऱ्या कीबोर्डवरून आल्या होत्या.

पंख्याच्या धुनेत ही मधली काळी दोन तीनदा येते. आठवा सूर, जिथे ती थांबते, तो काळी दोनच.

मास्तरने पडद्यावर मोजून पाहिलं. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं. धून सुरू होण्याआधी जे येतं, त्यातही काळी दोन. धून संपल्यावर तिला लागून जे फिरत जातं, त्यातही. जे जे हलकं होतं, जे जे ऐकत राहावंसं होतं, त्या सगळ्यात कुठे ना कुठे ती पट्टी होती. आणि त्या धप धप ठोक्यांत ती एकदाही नव्हती. कारण ते ठोके मास्तरचे होते. वायर तपासणारा माणूस, लक्ष पडद्यावर, एका हाताने नुसता खालचे सूर ठोकत बसलेला.

अरे देवा, असं तो मोठ्याने म्हणाला की मनात, त्याचं त्यालाच कळलं नाही.

त्याला जाहिरातीनंतरचा तो सत्कार आठवला. दादा आला होता, धुतलेला शर्ट घालून, मागच्या रांगेत. निघताना जवळ येऊन हळूच म्हणाला होता, "काळी दोनवर थांबा ठेवलास ते छान केलंस. सरळ केलीस तरी तो राहिला." मास्तर तेव्हा चारचौघांत खदखदून हसला होता. "दादा, तुला काळी दोन कळायला लागली की!" पुढे कित्येक वर्षं तो हा किस्सा रंगवून सांगायचा, आमच्या दादाला सुद्धा आवडली बघा, शिलाई मशीनवाल्याला! आणि ऐकणारे हसायचे.

"वहिनी," त्याने खाली बघतच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिथेच होते की, भावोजी. काड्या बडवत असले तरी डोळे उघडे होते माझे."

"आणि दादाला?"

"त्यांची त्यांना कळणार नाही?" वहिनी स्टुलावर बसली. "पहिल्यांदा टीव्हीवर लागली तेव्हा हातातला पाना खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, ऐक, माझीय. मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता जा आणि धाकट्याला सांगा. तर म्हणे, नको. त्याने मुद्दाम नाही केलं. त्याला ती त्याचीच वाटतेय. विचारलं तर सांगीन."

"मी विचारलं नाही."

"नाही विचारलंत."

"चौदा वर्षं..." मास्तरचा आवाज फुटला. "वहिनी, तुम्ही तरी कान धरायचा माझा!"

"शपथ घातली होती मला. तुमचं नाव होतंय, त्यात खडा टाकू नकोस म्हणाले." तिचा स्वर पहिल्यांदाच चढला. "आणि मी का सांगायचं? एक फोन करायचा होता तुम्ही. दादा, हे तू वाजवलंस का मी, एवढं विचारायला काय जात होतं तुमचं? मंगळवारी मागायला आले तेव्हाही वाटलं, आता तरी कळेल. आणि तुम्ही घेऊन आलात काय, तर धप धप!"

शंका आली होती, हे मास्तरला माहीत होतं. ती का घालवली, हेही माहीत होतं. लयीत न बसणाऱ्या माणसाकडून असं काही येऊ शकतं, हे त्याला मान्यच करायचं नव्हतं. रागाने नाही, द्वेषाने नाही, नुसतं ठरवून टाकलं होतं म्हणून. एकदा हात वर केला होता, तो त्याने कधी खाली घेतलाच नाही.

"मी सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "कंपनीला कळवतो. पेपरात देतो."

"द्या. द्यायलाच हवं." वहिनी शांत झाली होती. "पण ज्याला सांगायचं त्याला आता कसं सांगणार? ते जाऊ द्या. आधी माझं मला द्या."

मास्तरने डोळे पुसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. या वेळी नियम दुसरा होता, आणि तो लावायला तास पुरला. काळी दोन जिथे जिथे होती तिथून धागा धरून तो मागेपुढे जात गेला, आणि सूर एकमेकांना धरून आपोआप सुटत आले. एकाच बाकावर बसून शिकलेल्या भावाचा हात, एकदा बघायचं ठरवल्यावर त्याला तो ओळखू येणार नाही असं कसं होईल? मीमधलं सगळं त्याने दादामध्ये नेलं. दादामधले खालचे ठोके मीमध्ये आले, तेवढेच. टिकटिक त्याने बंद केली. सूर सरळ करायच्या बटणाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

लावलं.

दादा वाजवायला लागला. घाई नव्हती. हळूहळू चाचपत, आखूड कीबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, मग एक रस्ता सापडल्यासारखा त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा. वहिनीने डोळे मिटले. तिची बोटं मांडीवर हलत होती, भाजी निवडत असल्यासारखी. चौथ्या मिनिटाला ती धून आली, आणि आठव्या सुराआधी दादा थांबला, त्याच्या त्याच्या हिशोबाने, हवं तेवढं. मास्तरचा उजवा हात सवयीने वर गेला. वहिनीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला.

सातव्या मिनिटाला शेवटचा सूर आला आणि विरला. ठिपके संपले, पण पडद्यावरची रेघ पुढे सरकत राहिली. रेकॉर्डिंग थांबवायला मास्तरला त्या दिवशी थोडा उशीर झाला होता. रिकामी वीस सेकंदं. तो बंद करायला वाकला.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "इथे बोलले होते ते."

"कोण, दादा?"

"हो. ते येत नाही का यात?"

"नाही वहिनी. यात आवाज येत नाही, नुसत्या पट्ट्या येतात." मास्तर रिकाम्या रेघेकडे बघत होता. त्याला काहीच आठवत नव्हतं. "काय म्हणाला होता?"

"वाजवणं थांबवलं आणि तुमच्याकडे बघून विचारलं, कसं झालं रे?"

"मग मी काय म्हटलं?"

सांगावं की नको, असं वहिनीच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तुम्ही पडद्यात बघत होतात. म्हणालात, वायरी चालतायत."

रेघ टोकाला जाऊन थांबली.

"मग?"

"मग काय," वहिनी म्हणाली. "बरं म्हणाले, आणि कीबोर्ड कापडात बांधला."